जुन्या वहीचे पान वाचनीय करणारे नेटिव्ह ॲप, केवळ कमांड लाइनवरून

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या उत्सवमंडळाच्या जमाखर्चाच्या वह्या साठच्या दशकातल्या आहेत आणि दर पावसाळ्यागणिक त्यांची पाने अधिक पिवळी व शाई अधिक फिकी होत चालली आहे. त्यांचे फोटो काढून ठेवावेत असे ठरले, तेव्हा पुरेसा उजेड मिळण्याची जागा म्हणजे चाळीची गॅलरी, आणि गॅलरीत वही उघडली की कठड्याच्या गजांची सावली पानावर पट्ट्यापट्ट्यांनी पडणार, हेही ओघाने आलेच. कागद पांढरा आणि शाई काळी करून देणारे एक छोटे अँड्रॉइड ॲप मी त्यासाठी तयार केले. ते कसे करावे, हे येथे क्रमाने सांगतो.

ॲप बांधण्याचे नेहमीचे साधन, म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओ, मी मुद्दाम टाळला. माझ्या लॅपटॉपची रॅम ४ जीबी आहे आणि स्टुडिओला निदान ८ जीबी लागते, हे एक कारण झाले. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते: ॲप म्हणजे शेवटी ठरावीक मांडणीची एक झिप फाइल असते, आणि ती एकदा स्वतःच्या हाताने भरली की पुढे काही बिघडल्यास नेमके कोणत्या टप्प्यावर बिघडले ते बोट ठेवून सांगता येते. स्टुडिओ आतून वापरतो ते ग्रेडल हे बांधणीचे साधन वाईट नाही. बाहेरची दहा लायब्ररी जोडायची असल्यास तेच वापरावे. येथे मात्र एक जावा फाइल, दोन सी प्लस प्लस फाइली (ॲपचा 'नेटिव्ह' भाग तो हाच) आणि एक मॅनिफेस्ट, म्हणजे ॲपची ओळख सांगणारी फाइल, एवढाच पसारा आहे. आज्ञा आणि फाइलनावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतील.

तयारी

उबुंटूवर प्रथम ओपनजेडीके १७ बसवावे. त्यानंतर अँड्रॉइडच्या संकेतस्थळावरून केवळ कमांड लाइन टूल्सची झिप उतरवून घ्यावी; ती स्टुडिओच्या डाउनलोड पानावर अगदी तळाशी असते. येथे पहिला खड्डा आहे. झिप उलगडल्यावर 'सीएमडीलाइन-टूल्स' नावाचा फोल्डर मिळतो, पण त्यातले सर्व काही 'सीएमडीलाइन-टूल्स/लेटेस्ट' अशा आणखी एका पायरीखाली हलवावे लागते. तसे न केल्यास एसडीकेमॅनेजर, म्हणजे एसडीके हा अँड्रॉइडचा साधनसंच उतरवणारी आज्ञा, 'एसडीकेचे मूळ ठिकाण ठरवता आले नाही' अशा अर्थाची तक्रार करून थांबतो. हलवून झाल्यावर 'अँड्रॉइड_होम' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये मूळ फोल्डरचा मार्ग ठेवावा आणि लेटेस्टच्या आतला 'बिन', 'प्लॅटफॉर्म-टूल्स' व 'बिल्ड-टूल्स/३४.०.०' हे तीन मार्ग 'पाथ'मध्ये जोडावेत.

मग एसडीकेमॅनेजरकडून चार गोष्टी मागवाव्यात: प्लॅटफॉर्म-टूल्स, 'प्लॅटफॉर्म्स;अँड्रॉइड-३४', 'बिल्ड-टूल्स;३४.०.०' आणि एनडीके, म्हणजे सी प्लस प्लसचा कोड अँड्रॉइडसाठी कंपाइल करणारा संच. एनडीकेची २७ ची मालिका घ्यावी. पूर्ण क्रमांक 'लिस्ट' या पर्यायाने दिसतो. या नावांमध्ये अर्धविराम आहेत हे विसरू नये. शेलच्या दृष्टीने अर्धविराम म्हणजे एका आज्ञेचा शेवट, त्यामुळे नाव अवतरणचिन्हांत ठेवले नाही तर अर्धेच पॅकेज मागितले जाते आणि उरलेले 'अँड्रॉइड-३४' ही स्वतंत्र आज्ञा समजून शेल ती शोधू लागतो. एनडीकेची झिप अर्ध्या जीबीहून मोठी असल्याने ती लोकलमध्ये मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवण्याचा मोह टाळावा. परवाने 'लायसन्सेस' या पर्यायाने एकदाच मान्य करून टाकावेत.

पानाचे गणित

खरे काम येथे आहे, म्हणून येथे सावकाश चालू. फोटोतील प्रत्येक पिक्सेल काळा की पांढरा, एवढाच निर्णय घ्यायचा आहे. त्याआधी रंगीत पिक्सेलची एकच उजळता काढावी लागते. (७७ × लाल + १५० × हिरवा + २९ × निळा) ÷ २५६ हे पूर्णांकी सूत्र त्यासाठी पुरते. तिन्ही गुणकांची बेरीज २५६ असल्याने भागाकाराऐवजी आठ बिट उजवीकडे सरकवले की झाले.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे सबंध पानासाठी एकच मर्यादा ठरवणे. ती मर्यादा हिस्टोग्रामवरून, म्हणजे कोणत्या उजळतेचे किती पिक्सेल आहेत या मोजणीवरून, आपोआप शोधण्याची पद्धत नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ साली मांडली आणि सपाट उजेडात काढलेल्या फोटोवर ती आजही उत्तम चालते. आमच्या पानावर ती फसली, कारण कठड्याच्या सावलीतला कोरा कागद हा उन्हातल्या फिक्या शाईपेक्षा अधिक काळा होता. अशा वेळी मर्यादा स्थानिक हवी. प्रत्येक पिक्सेलभोवती एक चौकोनी खिडकी कल्पावी, तिच्यातील सरासरी उजळता काढावी, आणि पिक्सेल त्या सरासरीहून १५ टक्क्यांपेक्षा अधिक गडद असेल तरच त्याला शाई मानावे. ब्रॅडली आणि रॉथ यांनी २००७ साली मांडलेली पद्धत ती हीच.

ही सरासरी भोळेपणाने काढू नये. ४००० × ३००० पिक्सेलांच्या फोटोत १ कोटी २० लाख पिक्सेल असतात. खिडकी २०० × २०० ची धरली तर प्रत्येकासाठी ४० हजार बेरजा, म्हणजे एकूण ४८ हजार कोटी बेरजा होतात. त्याऐवजी आधी संचित बेरजांचा तक्ता बनवावा. तक्त्यातील प्रत्येक घरात त्या घराच्या वरच्या व डाव्या बाजूच्या सर्व पिक्सेलांची, स्वतःसकट, बेरीज असते. मग कोणत्याही खिडकीची बेरीज तिच्या चार कोपऱ्यांवरून मिळते: खालचा उजवा कोपरा, वजा वरचा उजवा, वजा खालचा डावा, अधिक वरचा डावा. जमाखर्चाच्या वहीत दोन तारखांमधला खर्च काढायचा असल्यास आपण दोन्ही दिवसांच्या अखेरच्या बेरजांची वजाबाकी करतो, मधल्या नोंदी पुन्हा मांडत बसत नाही. तीच युक्ती येथे दोन दिशांनी वापरली आहे. फ्रँक्लिन क्रो यांनी ती संगणकीय चित्रांसाठी १९८४ मध्ये मांडली होती.

तक्त्यासाठी ३२ बिटांचा चिन्हविरहित पूर्णांक वापरावा. सर्व पिक्सेल पांढरे असले तर १ कोटी २० लाखांना २५५ ने गुणून ३०६ कोटी होतात. चिन्हासहित पूर्णांकाची मर्यादा सुमारे २१४ कोटींची असल्याने तो पुरत नाही, चिन्हविरहिताची सुमारे ४२९ कोटींची असल्याने तो पुरतो. ५० मेगापिक्सेलच्या फोटोत तीही ओलांडली जाईल, पण घाबरण्याचे कारण नाही. चिन्हविरहित गणितात आकडा मर्यादेपलीकडे गेला की शून्यापासून पुन्हा सुरू होतो आणि वजाबाकीत तो फेरा आपोआप कापला जातो. खिडकीची स्वतःची बेरीज ३२ बिटांत मावली म्हणजे पुरे. ६४ बिटांचा तक्ता केल्यास ४८ एमबीऐवजी ९६ एमबी जागा जाते आणि हाती अधिक काही लागत नाही.

गुणाकाराची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ती मी चुकून शिकलो. भागाकार टाळण्यासाठी तुलना अशी लिहितात: पिक्सेल × खिडकीतील पिक्सेलसंख्या × १०० ही राशी खिडकीची बेरीज × ८५ पेक्षा लहान असेल तर काळा. मी खिडकी फोटोच्या रुंदीच्या एक अष्टमांश, म्हणजे ५०० पिक्सेलांची घेतली होती आणि गुणाकार ३२ बिटांतच ठेवला होता. परिणाम असा झाला की पानाचा मध्यम उजेडाचा भाग डांबर फासल्यासारखा काळाकुट्ट झाला आणि सर्वांत उजळ भागातली अक्षरे साफ पुसली गेली. ५०० × ५०० म्हणजे अडीच लाख पिक्सेल. १७२ उजळतेच्या कागदालासुद्धा गुणाकार ४३० कोटींवर जातो, मर्यादा ओलांडतो आणि शून्यापासून पुन्हा सुरू होऊन एक हास्यास्पद लहान आकडा उरतो. येथे वजाबाकी नसून तुलना असल्यामुळे फेरा कापला जात नाही. म्हणून तक्ता ३२ बिटांचा, पण गुणाकार ६४ बिटांत, हे पक्के ठेवावे.

खिडकी केवढी असावी, हा प्रश्न कोडपेक्षा कागदाकडे पाहून सुटतो. सुरुवातीला मी १५ पिक्सेलांची घेतली, तेव्हा पानावरची 'जमा' आणि 'खर्च' ही ठसठशीत शीर्षके आतून पोकळ झाली; अक्षराच्या जाड रेघेत पूर्ण बुडालेल्या खिडकीला सगळीकडे शाईच दिसते आणि सरासरीपेक्षा गडद असे काही उरतच नाही. २०० मिलिमीटर रुंदीचे पान ४००० पिक्सेलांत आले तर एका मिलिमीटरला २० पिक्सेल मिळतात. टाकाची सर्वांत जाड रेघ ३ मिलिमीटरची, म्हणजे ६० पिक्सेलांची, आणि गजाच्या सावलीचा पट्टा दोन सेंटिमीटरचा, म्हणजे ४०० पिक्सेलांचा. खिडकी या दोहोंच्या मध्ये बसावी: रेघेपेक्षा बरीच मोठी, पट्ट्यापेक्षा लहान. मी २०० वर स्थिरावलो. सावली फार गडद असेल, म्हणजे तिच्यातील कागद उन्हातल्या कागदाच्या सुमारे ७४ टक्क्यांहूनही कमी उजळ असेल, तर सावलीच्या कडेने काळी रेघ उरतेच. तिच्यावर गणित खर्ची घालण्यापेक्षा वही हातभर आत सरकवावी.

ठिपके काढण्याचा मोहही आवरावा. दमट कागदावर बुरशीचे बारीक डाग असतात आणि ते घालवण्यासाठी मीडियन फिल्टर (प्रत्येक पिक्सेलला शेजाऱ्यांमधले मधले मूल्य देणारी गाळणी) लावावा असे कोणालाही वाटेल, मलाही वाटले. त्या फिल्टरने डागांबरोबर अनुस्वारही नेले आणि 'मंडप' खर्चाचा 'मडप' झाला. तेवढे वाचणारा समजून घेईल. पण १९५७ साली नाणेपद्धत दशमान झाल्यानंतरच्या वह्यांत रुपये आणि पैसे यांच्या मध्ये बिंदू आहे, आणि तो गेल्यावर १२.५० चे १२५० झालेले हिशेबतपासनिसाला समजावता येत नाहीत. डाग राहू द्यावेत.

सी प्लस प्लस आणि जावा यांची गाठ

वरील गणिताची फाइल एक आणि जावाशी बोलणारी फाइल दुसरी, असे विभागून ठेवावे. त्यामुळे गणिताच्या फाइलीला पीपीएम स्वरूपाचे चित्र वाचणारे छोटेसे 'मेन' जोडून ती नुसत्या संगणकावर तपासता येते. फोनवरही ॲप न बांधता तपासता येते: एनडीकेच्या कंपायलरने तिची एक्झिक्युटेबल फाइल बनवून, संगणकावरून फोनशी बोलणाऱ्या एडीबी या साधनाच्या 'पुश' आज्ञेने '/डेटा/लोकल/टीएमपी' मध्ये टाकावी, तिला चालवण्याची परवानगी द्यावी आणि एडीबी शेलमधून चालवावी. माझी बहुतेक संध्याकाळ याच फोल्डरात गेली.

जावाच्या बाजूने बिटमॅप, म्हणजे मेमरीत उघडलेले चित्र, पाठवायचा आणि सी प्लस प्लसमध्ये जेएनआयग्राफिक्स या लायब्ररीने तो उघडायचा. प्रथम 'अँड्रॉइडबिटमॅप_गेटइन्फो' ने माहिती घ्यावी आणि स्वरूप आरजीबीए ८८८८ आहे ना हे पाहावे. जावात त्याच स्वरूपाचे नाव एआरजीबी असले तरी मेमरीतील बाइटांचा क्रम लाल, हिरवा, निळा, अल्फा असाच असतो. मग 'लॉकपिक्सेल्स' ने पिक्सेलांचा पत्ता मिळवावा आणि काम झाल्यावर, चूक होऊन मध्येच परतावे लागले तरीही, 'अनलॉकपिक्सेल्स' करावे. एका ओळीवरून दुसरीवर जाताना रुंदी × ४ एवढे बाइट न मोजता गेटइन्फोने दिलेला 'स्ट्राइड' वापरावा. बहुतेक वेळा दोन्ही आकडे सारखेच येतात, पण जेव्हा येत नाहीत तेव्हा पान तिरपे कापल्यासारखे दिसते.

फंक्शनच्या नावात चूक होण्याचा संभव सर्वांत जास्त. 'जावा' हा शब्द, मग बिंदूंच्या जागी अधोरेषा घातलेले पॅकेजचे नाव, मग क्लास, मग मेथड, हे सर्व अधोरेषांनी जोडून नाव तयार होते, आणि त्यापुढे 'एक्स्टर्न सी' लिहावेच लागते, नाहीतर सी प्लस प्लसचा कंपायलर नावाचा आकार बदलून टाकतो. ॲप सुरू होऊन 'अनसॅटिस्फाइडलिंकएरर' देऊन पडले, तर एनडीकेतील 'एलएलव्हीएम-एनएम' ला '-डी' हा पर्याय देऊन लायब्ररीत प्रत्यक्ष कोणते नाव आहे ते पाहावे.

जावाची फाइल लहान ठेवावी: एक इमेजव्ह्यू, एक बटण, दोन्ही कोडमध्येच निर्माण केलेली. त्यामुळे 'रेस' फोल्डरच लागत नाही. फोटो निवडण्यासाठी 'ॲक्शन_ओपन_डॉक्युमेंट' हा इंटेंट (अँड्रॉइडला केलेली विनंती) वापरला की स्टोरेजची कोणतीही परवानगी मागावी लागत नाही. बिटमॅपफॅक्टरीने फोटो उघडताना तो बदलता येण्याजोगा, म्हणजे 'इनम्युटेबल' हा पर्याय खरा ठेवून, मागावा. फोन उभा धरून काढलेला फोटो आडवा दिसला तर गणितात चूक शोधू नये. बिटमॅपफॅक्टरी एक्झिफमधील, म्हणजे फोटोच्या फाइलीत सोबत असलेल्या माहितीतील, फिरवण्याची नोंद पाळत नाही, ते आपल्यालाच करावे लागते. नेटिव्ह फंक्शन वेगळ्या थ्रेडवर चालवावे, कारण मुख्य थ्रेड ५ सेकंद अडला की अँड्रॉइड 'ॲप प्रतिसाद देत नाही' अशी पाटी दाखवते.

झिप भरणे

आता शेल स्क्रिप्ट. पहिली ओळ कंपायलरची: एनडीकेच्या 'टूलचेन्स/एलएलव्हीएम/प्रीबिल्ट/लिनक्स-एक्स८६_६४/बिन' मध्ये 'एआर्च६४-लिनक्स-अँड्रॉइड२४-क्लँग++' आहे, नावातील २४ ही अँड्रॉइडची किमान एपीआय पातळी. त्याला शेअर्ड लायब्ररी, एफपिक, सी प्लस प्लस १७, लिबएसटीडीसी प्लस प्लसची स्टॅटिक जोडणी, जेएनआयग्राफिक्स आणि ओ२ हे पर्याय द्यावेत. ओ२ विसरल्यास कंपायलर काहीच गतिमान करत नाही आणि 'नेटिव्ह कोड एवढा मंद कसा' असा प्रश्न पडतो. स्टॅटिक जोडणी केली नाही तर 'लिबसी++_शेअर्ड' ही फाइलही झिपमध्ये भरावी लागते. अँड्रॉइड १५ पासून १६ केबी मेमरी-पेज असलेल्या उपकरणांना आधार मिळाला आहे, त्यामुळे एनडीके २७ वापरताना लिंकरला कमाल पेज-आकार १६३८४ सांगून ठेवावा. २८ पासून तो आपोआप तसाच असतो.

दुसरी ओळ जावासी या जावाच्या कंपायलरची. वर्गमार्गात प्लॅटफॉर्मची 'अँड्रॉइड.जार' आणि रिलीज ११. तिसरी डी८ ची, जी क्लास फाइलींपासून 'क्लासेस.डेक्स' बनवते. चौथी 'एएपीटी२ लिंक', जी मॅनिफेस्टपासून जवळजवळ रिकामी एपीके, म्हणजे ॲपची ती झिप फाइल, तयार करते. मॅनिफेस्टमध्ये लाँचरवरून उघडणाऱ्या ॲक्टिव्हिटीला 'एक्सपोर्टेड' हा गुणधर्म स्पष्ट लिहावा. लक्ष्य आवृत्ती ३१ किंवा पुढची असल्यास त्याविना ॲप बसतच नाही. पाचव्या ओळीत त्या एपीकेमध्ये झिपच्या आज्ञेने दोन फाइली घालाव्यात: 'क्लासेस.डेक्स' मुळाशी आणि लायब्ररी 'लिब/आर्म६४-व्ही८ए' या मार्गावर. मार्ग अक्षरशः असाच हवा. झिपची आज्ञा भलत्या फोल्डरातून दिली की आत 'बिल्ड/लिब/आर्म६४-व्ही८ए' असा लांबलचक मार्ग तयार होतो. ॲप बसते, उघडते आणि लायब्ररी सापडत नाही म्हणून लगेच मिटते. 'अनझिप -एल' ने आतली यादी वाचून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

शेवटी झिपमधील फाइली ठरावीक सीमांवर बसवणारे झिपअलाइन आणि मग सही करणारे एपीकेसाइनर, याच क्रमाने. आधी सही करून मग झिपअलाइन केल्यास फाइलीतील बाइट हलतात आणि सही रद्दबातल ठरते. सहीसाठीची किल्ली कीटूलने एकदा बनवावी, आरएसए २०४८ बिट आणि वैधता १०००० दिवस, आणि ती स्क्रिप्टच्या फोल्डराबाहेर जपून ठेवावी. किल्ली हरवून नवी बनवली तर त्याच फोनवर जुन्या ॲपवर नवे बसत नाही. 'इन्स्टॉल_फेल्ड_अपडेट_इनकम्पॅटिबल' असा निरोप येतो आणि जुने ॲप काढून टाकण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर पर्याय उघडावेत, यूएसबी डीबगिंग सुरू करावे, आणि 'एडीबी डिव्हायसेस' मध्ये फोन 'अनऑथोराइज्ड' दिसला तर फोनच्या पडद्यावर आलेली परवानगी द्यावी. मग 'एडीबी इन्स्टॉल -आर'. ॲप नेटिव्ह कोडमध्ये पडले तर 'एडीबी लॉगकॅट' चा मजकूर 'एनडीके-स्टॅक' कडे वळवावा. सिम्बॉल न काढलेली लायब्ररी हाताशी असल्यास तो थेट ओळ क्रमांक सांगतो.

माझ्या फोनवर सर्व सुरळीत झाल्यावर मंडळाच्या चिटणीसांचा जुना फोन घेतला, तेव्हा 'इन्स्टॉल_फेल्ड_नो_मॅचिंग_एबीआयज' असे उत्तर आले. त्यांच्या फोनवरची प्रणाली ३२ बिटांची होती. कंपायलरची ओळ पुन्हा एकदा, या वेळी 'आर्मव्ही७ए-लिनक्स-अँड्रॉइडईएबीआय२४-क्लँग++' या नावाने, स्क्रिप्टमध्ये घालावी लागली. झिपमधील फोल्डरचे नाव मात्र 'आर्मईएबीआय-व्ही७ए' असे, म्हणजे कंपायलरच्या नावाहून वेगळ्या क्रमाने लिहावे लागते, आणि ते मी पहिल्या खेपेला कंपायलरसारखेच लिहिल्यामुळे तोच निरोप पुन्हा आला. नाव दुरुस्त करून स्क्रिप्ट चालवली आणि चिटणीसांनी गॅलरीतच, कठड्याकडे पाठ करून, मंडपाच्या खर्चाचे पान उघडले.